अजेंडा सभेआधी, एमबी बिलाआधी : नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व नगरपरिषदा व नगरपंचायतींचे नगराध्यक्ष, नगरसेवक आणि मुख्याधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

2 डिसेंबर 2025 रोजी नगरपरिषदा-नगरपंचायतींसाठी मतदान झाले, काही ठिकाणी ते 20 तारखेला झाले आणि 21 डिसेंबरला निकाल लागले. त्याआधी कितीतरी गावांत तीन-चार वर्षे नगरपरिषदेची सभाच भरली नव्हती. मुदत 2021-22 च्या सुमारास संपली, प्रशासक आले आणि जे सभेने ठरवायचे ते एका सहीने ठरू लागले. प्रशासकीय ठरावाला सूचक नसतो, अनुमोदक नसतो, विरोधात बोलणारा तर नसतोच. या काळात बातमीदारांची सभागृहात बसायची सवय मोडली आणि कार्यालयांची त्यांना बसू द्यायची. आता सभा पुन्हा सुरू झाल्या आहेत. नवी घडी बसते आहे तोवरच बोललेले बरे, म्हणून हे पत्र.

लिहिणारे आम्ही तालुक्याच्या गावांत नगरपरिषदेची बातमी करणारे लोक आहोत. कोणी साप्ताहिक काढतो, कोणी दैनिकाचा वार्ताहर आहे, कोणी मोबाईलवर गावापुरते बातमीपत्र चालवते. मागणी एकच आहे : कागद निर्णयाच्या आधी उघडे करा. अजेंडा सभेआधी, मोजमाप पुस्तिका (एमबी, म्हणजे झालेल्या कामाची मापे लिहायची वही) बिलाआधी.

सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी द्यावी, असे 1965 चा नगरपरिषद अधिनियम सांगतो. नोटीस बहुतेक ठिकाणी वेळेवर निघतेही. अडचण असते ती विषयाच्या भाषेत. 'प्रभाग क्र. 4 मधील विविध विकासकामांच्या प्राप्त निविदांना मंजुरी देणेबाबत' या एका ओळीत कामे किती, कोणत्या गल्लीतली, अंदाजपत्रक किती रुपयांचे, निविदा किती आल्या, सर्वात कमी दर किती टक्के खाली किंवा वर, यातले काहीच कळत नाही. हे सगळे असते सोबतच्या टिपणीत. टिपणी नगरसेवकांच्या पाकिटात जाते. कधी पाकिटातही नसते, सभेच्या टेबलावर ठेवलेली मिळते आणि पाने उलटेपर्यंत 'मंजूर, मंजूर' होऊन पुढचा विषय पुकारला जातो.

सात दिवस हातात असतील तर बातमीदार काय करतो? आधी विषयांची यादी मागच्या दोन-तीन वर्षांच्या ठरावांशी ताडून पाहतो. एकाच रस्त्याला दोन नावे देणे फार सोपे असते. 'मारुती मंदिर ते पाण्याची टाकी' झालेला रस्ता दोन वर्षांनी 'शाळा क्र. 2 ते स्टँड रोड' या नावाने दुसऱ्या निधीतून पुन्हा येतो, आणि नकाशा समोर नसेल तर नगरसेवकांच्याही लक्षात येत नाही. मग तो जागेवर जातो, आजची स्थिती तारीख-वेळेसह फोटोत घेतो. त्यानंतर महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर जाऊन पाहतो : निविदेला मुदत किती दिवसांची होती, पहिल्या, म्हणजे पात्रतेच्या कागदांच्या लिफाफ्यात कोण बाद झाले आणि कोणत्या कागदासाठी. शेवटी दर. तीन निविदा अंदाजपत्रकाच्या अर्धा, पाऊण आणि एक टक्का वर असतील तर एक प्रश्न उभा राहतो : त्या आपसात ठरवून भरल्या का? एखादी चोवीस टक्के खाली असेल तर वेगळाच प्रश्न : एवढ्या पैशांत हे काम होणार कसे, आणि दर दहा टक्क्यांहून खाली गेल्यावर लागणारी जादा सुरक्षा अनामत भरून घेतली का? एकाच गल्लीतल्या गटारीचे चार तुकडे पाडून निविदेऐवजी चार कोटेशने घेतलेली असतील, तर तेही याच टप्प्यावर दिसते. सभा होऊन गेल्यावर हे प्रश्न विचारले की उत्तर ठरलेले असते : सभागृहाने सर्वानुमते मंजुरी दिली आहे.

अजेंड्याच्या तळाशी एक ओळ असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. पाइपलाइन फुटली, साथ पसरली, पूर आला, अशा वेळेसाठी ती हवीच. नगराध्यक्षांना आणीबाणीत तातडीचे काम करून घ्यायचा, त्याच अधिनियमाच्या कलम 58(2) चा अधिकारही आहे. पण ऐनवेळी येतात ते भूखंडाच्या भाडेपट्ट्याचे, ठेक्याला मुदतवाढीचे, जमिनीवरचे आरक्षण बदलण्याच्या शिफारशीचे विषय. यातला एकही विषय आठ दिवसांत उगवलेला नसतो. आमचे म्हणणे असे की, ऐनवेळचा प्रत्येक विषय घेताना तो नोटिशीत का येऊ शकला नाही याचे एका ओळीचे कारण अध्यक्षांनी सभेत वाचावे आणि ते इतिवृत्तात उतरावे. कारण लिहायची पाळी आली की निम्मे विषय आपोआप पुढच्या सभेवर जातील.

इतिवृत्ताचेही तसेच. सभेत काय ठरले आणि ठरावात काय उतरले, यांत फरक पडायला मधल्या काळात भरपूर वाव असतो. सभेत 'काम करावे' एवढेच ठरलेले असते, इतिवृत्तात रक्कम आणि लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून ते) येते, विरोध नोंदवलेल्या सदस्याचे नाव गळते. पुढच्या सभेचा पहिला विषय 'मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे' हा असतो आणि तो मिनिटभरात संपतो. ठराव बेकायदा वाटला तर कलम 308 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, पण त्यासाठी ठरावाची नक्कल लागते. नक्कल मिळेपर्यंत कार्यादेश निघालेला असतो आणि रस्त्यावर खडी पडलेली असते. म्हणून सभेचे ध्वनिमुद्रण करा, ते त्याच दिवशी संकेतस्थळावर टाका आणि ठरावांचा मसुदा सात दिवसांत 'कायम न झालेला' असा शिक्का मारून द्या. ध्वनिमुद्रणाला एक मोबाईल पुरतो. मात्र सभागृहाच्या लाऊडस्पीकरसमोर ठेवलेला मोबाईल घुमणारा आवाज टिपतो. माइकच्या मशीनमधून वायर थेट जोडली तर प्रत्येक शब्द ऐकू येतो.

आता मोजमाप पुस्तिकेकडे, म्हणजे एमबीकडे. नगरपरिषदेतला आमच्या मते सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात कमी पाहिला जाणारा कागद हाच. एक साधा काँक्रीट रस्ता घेऊ : 100 मीटर लांब, 4 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड. गुणाकार केला की 60 घनमीटर काँक्रीट होते. तयार काँक्रीट आणणाऱ्या ट्रान्झिट मिक्सरमध्ये साधारण 6 घनमीटर माल येतो, म्हणजे दहा गाड्या. जाडी 12 सेंटिमीटरच भरली तर 48 घनमीटर, आठ गाड्या. दोन गाड्या, म्हणजे कामाचा पाचवा हिस्सा, वरून पाहणाऱ्याला दिसतही नाही. कडेला टेप लावली तर 15 सेंटिमीटर बरोबर भरते, कारण काँक्रीट अडवायला कडेला लावलेले लोखंडी चॅनेल तेवढ्याच उंचीचे असते. कमी पडते ते मधोमध. तिथे खालचा थर सपाट न करता उंचवटा तसाच ठेवलेला असतो. म्हणून कडेचे माप घेऊन 'जाडी योग्य' म्हणणाऱ्या बातमीवरही विसंबू नये आणि आठ गाड्या मोजून 'घोटाळा' म्हणणाऱ्या बातमीवरही. काही मिक्सर 7 घनमीटरचे असतात, काही अर्धे भरून येतात. खरे काय ते प्रत्येक गाडीच्या चलनावर असते : किती घनमीटर, कोणत्या ग्रेडचे, प्लँटवरून किती वाजता निघाले. ही चलने बांधकाम विभागाच्या फाइलीत हवीत. ती बिलाआधी पाहायला मिळाली, तर ठेकेदारावर खोटा आळही येणार नाही आणि खरी चूकही सुटणार नाही.

दुसरी तपासणी तारखांची. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे 60 घनमीटर काँक्रीटला किमान पाच नमुने लागतात. एका नमुन्याचे तीन, म्हणजे काँक्रीटचे पंधरा ठोकळे (क्यूब), आणि त्यांची 28 दिवसांनी दाबचाचणी. काम 3 तारखेला झाले आणि अंतिम बिल त्याच महिन्याच्या 20 तारखेला निघाले, तर बिलाला जोडलेला 28 दिवसांचा अहवाल आला कुठून? हे ओळखायला अभियंता असावे लागत नाही, तीन कागद शेजारी ठेवावे लागतात : एमबीचे पान, प्रयोगशाळेचा अहवाल, बिलाची तारीख. एमबीत आणखी एक गोष्ट पाहावी. मोजणी कनिष्ठ अभियंत्याने केली असली, तरी वरिष्ठाने फेरतपासणी करून सही-तारीख टाकलेली असते. तपासणीची तारीख आणि बिलाची तारीख एकच असेल, त्याच दिवशी आणखी पाच कामांच्या तपासण्या दाखवलेल्या असतील, तर साहेब जागेवर केव्हा गेले, हे विचारणे बातमीदाराचे काम आहे. तसे ते नगरसेवकाचेही आहे.

'माहितीच्या अधिकारात मागा ना' असे आम्हाला काउंटरवर सांगितले जाते. मागतोच. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 150 शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय. तीस दिवस वाट पाहायची. उत्तर येते : 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे', 'प्रश्नार्थक आहे', नाहीतर 'अभिलेखात आढळ होत नाही'. प्रथम अपिलाचे 30 ते 45 दिवस. तिथेही भागले नाही तर 90 दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे द्वितीय अपील, आणि मग सुनावणीची वाट. एवढे होईपर्यंत निविदेत लिहिलेला दोषदायित्व कालावधी सरत आलेला असतो. या काळात रस्ता ठेकेदाराकडून फुकट दुरुस्त करून घेता येतो. नंतर तेच खड्डे नगरपरिषदेच्या, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांच्या पैशातून बुजतात. उशिराचा खरा खर्च हा आहे. आणि 'आढळ होत नाही' लिहिणाऱ्यांनी महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 जवळ ठेवावा. सरकारी कागदाची नियमबाह्य विल्हेवाट लावणे हा त्यात गुन्हा आहे.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8(1)(जे) बदलले आणि 'वैयक्तिक माहिती' या दोन शब्दांवर नकार देणे सोपे झाले. ठेकेदाराचे नाव, सही करणाऱ्या अभियंत्याचे नाव, भाडेकरूचे नाव, सगळे आता वैयक्तिक म्हणून झाकता येईल अशी भीती आहे. कलम 8(2) अजून शाबूत आहे. व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते. पण त्याहून सोपा रस्ता कलम 4 चा. जे कागद तुम्ही आपणहून प्रसिद्ध कराल त्यांच्यासाठी अर्ज येणार नाही आणि नकाराचा प्रश्नही येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने तर अनुदानासाठी लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन ठेवायची अटच घातली होती. म्हणजे हिशेब उघडा ठेवण्याची सवय तुमच्या लेखा विभागाला आहे, बांधकाम विभागाला लावायची आहे.

कागद संकेतस्थळावर टाकताना एवढे सांभाळा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर दुसरीकडे चिकटवला की अक्षरांचा चुराडा होतो, म्हणून युनिकोड. तक्ता फोटो काढून टाकू नका, त्यातले आकडे बेरजेला घेता येत नाहीत. फाइलीचे नाव 'स्कॅन 0047' असे नको, सभेची तारीख आणि विषय क्रमांक असा हवा. वर्षभरानंतर शोधणारा कर्मचारी तुमचाच असेल.

पाण्याबद्दल थोडक्यात. नळाच्या शेवटच्या टोकाला मुक्त क्लोरीन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम असावे. पाणीपुरवठा विभाग रोज ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातले क्लोरीन रंगावरून पाहायची चाचणी, घेतो आणि वहीत लिहितो. ती वही प्रभागवार, रोजच्या रोज फलकावर लावा. टेस्ट टाकीजवळच्या नळावर घेतली तर नेहमी पिवळी, म्हणजे क्लोरीन असल्याची, येते. ती शेवटच्या घरात घेतली का, हे वहीवरून कळायला हवे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर उघड्या पोत्यात राहिली की तिचे क्लोरीन उडते, तेव्हा पोत्यावरची तारीखही लिहा. कचऱ्याच्या ठेक्यात वजनकाट्याची पावती, गाडी क्रमांक आणि वेळ. टँकरच्या खेपांना लॉगबुक. हे तीन कागद मिळाले तर उन्हाळ्यातल्या निम्म्या अफवा थांबतील.

आता पैशाचे. तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा पगार नसतो, मानधन असते, आणि खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाची पुरवणी, 15 ऑगस्ट, दिवाळी, साहेबांचा वाढदिवस, या सगळ्यांना जाहिरातीचे टार्गेट असते. गावात जाहिरात देणारे कोण, तर नगरसेवक, ठेकेदार, पतसंस्था आणि स्वतः नगरपरिषद. ज्याच्याकडे सोमवारी जाहिरातीसाठी जायचे त्याच्या रस्त्याची जाडी मंगळवारी मोजायची, हे कोणालाही अवघडच आहे. यातून सुटायला कोणी वर्गणीवर चालायचा प्रयत्न करतो. वर्षाला 300 रुपये देणारे 500 वर्गणीदार म्हणजे दीड लाख, महिन्याला साडेबारा हजार. छपाई नसली तरी त्यात एका माणसाचे घर धड चालत नाही. तरीही लोक हे काम सोडत नाहीत, याचा आम्हाला अभिमान आहे. तुमच्याकडून जादा जाहिरात नको. जाहिराती ठरलेल्या क्रमाने द्या, बातमी आवडली नाही म्हणून क्रम मोडू नका, आणि वर्षअखेरीस कोणाला किती रकमेची जाहिरात दिली त्याचा तक्ता प्रसिद्ध करा. त्यात आमचीही नावे असतील, असू द्या.

आमच्या बाजूने जे चुकते तेही लिहिले पाहिजे. गाडीवर 'प्रेस' लिहून फिरणारे, माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तो मागे घेण्याचा सौदा करणारे गावोगाव आहेत. प्रेसनोट जशीच्या तशी छापणारे त्याहून जास्त. जो पैसे मागेल त्याच्यावर पुराव्यासह तक्रार करा, आम्ही त्याच्या बाजूने उभे राहणार नाही. आम्ही पाळतो ते नियम असे : आरोपाची बातमी कागदाशिवाय द्यायची नाही. ज्याच्याबद्दल बातमी आहे त्याला प्रश्न लेखी पाठवून किमान 24 तास द्यायचे, आलेले उत्तर पूर्ण छापायचे, आणि चूक झाली तर बातमी जिथे लावली तिथेच दुरुस्ती लावायची. या प्रश्नांना उत्तर देणारा एक अधिकारी नेमा. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे उत्तर बातमीत छापायला आम्हालाही आवडत नाही.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे बारसूच्या प्रस्तावित रिफायनरीबद्दल लिहीत होते. 6 फेब्रुवारी 2023 रोजी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्या व्यक्तीबद्दल त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती, तिलाच पोलिसांनी अटक केली. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा 2017 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तपास पोलीस उपअधीक्षकाहून खालच्या अधिकाऱ्याकडे द्यायचा नाही. पण त्या कायद्याची व्याख्या माध्यमसंस्थेशी बांधलेली आहे. एकट्याने मोबाईलवर बातमीपत्र चालवणारी मुलगी तिच्यात बसते की नाही, यावर ठाण्यात वाद घालावा लागतो. तिने साइटवर चित्रीकरण केले म्हणून सरकारी कामात अडथळ्याची तक्रार देण्याआधी मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः ते चित्रीकरण पाहावे. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून मिक्सर मोजणे हा अडथळा नाही. आणि एखाद्या नगरसेवकाच्या माणसाने तिला दम दिला, तर त्या नगरसेवकाला नगराध्यक्षांनी सभेत नाव घेऊन विचारावे.

दरवर्षी 6 जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'च्या दिवशी, बऱ्याच नगरपरिषदा आमचा सत्कार करतात. शाल, श्रीफळ, डायरी, पेन. त्यामागचा स्नेह आम्ही जाणतो. येत्या 6 जानेवारीला शाल राहू द्या, त्या दिवशी अभिलेख कक्ष उघडा ठेवा. 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना कागद पाहू द्यायला सांगितलेच आहे. त्याचा फलक किती कार्यालयांच्या दारावर लागला आहे, ते तुम्हीच आपापल्या इमारतीत खाली उतरून पाहा.

पुढच्या सर्वसाधारण सभेची नोटीस काढाल तेव्हा विषयपत्रिका टिपण्यांसह फाटकाबाहेरच्या फलकावर लावा, म्हणजे कार्यालय बंद झाल्यावरही वाचता येईल. वर दिवा असू द्या, पावसाळ्यासाठी काच. नोटीस निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वही घेऊन तिथे येऊ.

आपले,
गावोगावचे वार्ताहर आणि स्थानिक बातमीपत्रे चालवणारे